दोन तांबे पाणी

आधी शोभाताईंचं नाव लिहितो, मग काय झालं ते. खरं नाव वेगळं आहे, पण ते लिहिलं तर त्यांनाच त्रास, म्हणून शोभाताई. वरवंडच्या. घरची थोडी शेवंती, बाकी भाजीपाला. त्यातून वेळ काढून त्या स्कूटीवर गुऱ्हाळागुऱ्हाळांवर फिरायच्या आणि कामगारांचं वजन, ब्लडप्रेशर, खाणंपिणं लिहून घ्यायच्या. माझ्या किडन्या आज जेवढ्या शाबूत आहेत तेवढ्या त्यांच्यामुळं आहेत. हे मी ठासून लिहितोय खरा, पण डॉक्टर मॅडमना विचारलं तर त्या म्हणतील, "असं एकदम म्हणता येणार नाही." वर्षभरात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी वेळ विचारली तरी तेच तोंडात येतं.

दिवाळी झाली आणि गुऱ्हाळं पुन्हा पेटली. वरवंडपासून भांडगावपर्यंत हायवेच्या दोन्ही अंगांना उसाच्या फडांमधून धुराच्या उभ्या रेघा निघाल्यात. सकाळच्या थंडीत तो धूर वर जात नाही, शेंड्यांवर पसरून राहतो, आणि सगळ्या शिवाराला कच्च्या पाकाचा वास येतो. नव्या माणसाला तो वास गोड लागतो. मला तो आला की नडग्या चुरचुरतात. सहा हंगाम मी चुलाणाच्या तोंडासमोर बसलोय. वरती काहिलीत रस उकळतो, खाली माणूस वाळकी चिपाडं आत सारत बसतो. जाळ कमी झाला तर पाक बिघडतो, जास्त झाला तर करपतो. म्हणून उठायचं नाही. उठायचं नाही म्हणून पाणी प्यायचं नाही, कारण प्यालं की उठावं लागतं. इतका साधा हिशेब. आम्हाला कुणी शिकवला नव्हता, आपोआप अंगात बसला होता.

यंदा मी चुलाणावर नाही. गूळ साच्यात थंड झाला की ढेप काढायची, कागदात गुंडाळायची, रांगेला लावायची, एवढं माझं काम. अंगावर वारा येतो. माझ्या जागी लखन बसतो. तो उत्तर प्रदेशचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि बनियनवर घामाच्या मिठाचे पांढरे नकाशे उमटवण्यात माझ्याही पुढचा. मी त्याच्याकडं बघतो तेव्हा मला बरं वाटतं का वाईट, ते ठरत नाही. मी बाजूला झालो आणि तो तिथं बसला. कुणीतरी बसणारच.

तीनेक आठवड्यांपूर्वी एक नवी पोरगी स्कूटीवर आली. मागं पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनांची माळ बांधलेली. मी हातातली ढेप खाली ठेवून विचारलं, "शोभाताई कुठायत?"

"त्या फिल्डला नसतात आता. शिरूरला ऑफिसात लेबलं चिकटवतात. हे बघा, ह्या कॅनवरचं त्यांनीच चिकटवलंय."

मी ते लेबल बघत राहिलो. सरळ, एकही सुरकुती नाही. आणि गेला सगळा हंगाम वर आला.

माझं गाव हिंगोलीकडं. सातवीपुढची शाळा तालुक्याला होती, आणि मी तालुक्याला जायच्याऐवजी ऊसतोडीच्या टोळीबरोबर इकडं आलो. टोळी दर साल परत जायची. एका साली मी गेलो नाही. गुऱ्हाळाचे मालक आप्पा म्हणाले, राहा. राहिलो. बायको कांता आणि दोन लेकरं गावाकडं. अर्धवट शिकलेल्या माणसाला कागदाची भीतीही वाटते आणि ओढही. मी खताच्या गोणीवरचं वाचतो, गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचतो, समजो न समजो. म्हणून गेल्या साली पुण्याहून संशोधनवाले आले, तेव्हा बाकीचे अंगठे आणि सह्या ठोकून मोकळे झाले आणि मी संमतीचा कागद चारही पानं वाचत बसलो. माझ्यामुळं सगळी रांग खोळंबली.

उन्हात, जाळापुढं काम करणाऱ्यांच्या किडन्या हळूहळू का खराब होतात, ते त्यांना शोधायचं होतं. कुणाच्या होतात, कुणाच्या नाहीत, आणि पाणी, सावली, विसावा दिला तर फरक पडतो का. कागदावर सारखा एकच शब्द होता, जोखीम. मी शोभाताईंना विचारलं, "ताई, जोखीम म्हणजे आजार का?"

"न्हाई वो भाऊ. रस्ता घसरडा हाय, एवढंच. म्हंजी पडलाच असं न्हाई."

"मग मी पडलोय का नाही?"

"तेच तर बघायचंय. सही करा, मागं लोकं ताटकळल्यात."

अर्ध्या गुऱ्हाळांना त्याच साली सावलीचं कापड, पाण्याचे जार आणि दर तासाला विसाव्याची शिट्टी मिळणार होती. उरलेल्यांना पुढच्या साली. कुणाला आधी, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. मला हे फार विचित्र वाटलं. सरपंचपदाच्या आरक्षणाला चिठ्ठी समजते, आजाराला चिठ्ठी? आमची चिठ्ठी उशिराच्या डब्यातून निघाली. मी कुरकुरलो तेव्हा शोभाताई म्हणाल्या, "आपण निवडाय बसलो तर पयलं वळखीच्याला देणार, न्हाई का? मग पाण्यानं फरक पडला का वळखीनं, कसं कळायचं?" ते मला पटलं. आणि पटूनही राग गेला नाही. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग कॅन आला.

सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, तिथून पुढं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची सगळी त्या कॅनात. एक थेंबही बाहेर नाही. शोभाताईंनी नीट सांगितलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. त्यांनी नीट सांगितलं होतं, दोनदा सांगितलं, माझ्याकडून वदवून घेतलं. मी तो कॅन खताच्या रिकाम्या गोणीत घालून कामावर नेला, तरी लपला नाही.

आप्पा लांबूनच ओरडले, "काय रे प्रल्हाद, काकवी न्यायला कॅन आणला का काय?"

"मालिक," लखन म्हणाला, "इसमें काकवी डालोगे तो डॉक्टरनी बेहोश हो जाएगी."

दिवसभर हेच. मी गोणी घेऊन उसाच्या आडोशाला निघालो की मागनं कुणीतरी शिट्टी मारायचं. पण मला जावंच फारसं लागलं नाही. तो मार्चचा शेवट होता. चुलाणाचा जाळ, वरून पत्रा, बाहेर ऊन. अंगातलं सगळं पाणी कातडीतूनच जात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडून बघितलं तर जेमतेम तळ झाकलेला. रंग फार वेळ उकळलेल्या कोऱ्या चहाचा.

आता पुढचं कसं सांगावं, कळत नाही. झालं तसंच सांगतो.

आमच्याकडं कुणाचं भांडं रितं परत देत नाहीत. शेजारणीनं वाटीतून कालवण दिलं तर ती वाटी धुऊन, तिच्यात चिमूटभर साखर, मूठभर शेंगा, काही नाही तर चार दाणे ज्वारीचे टाकून मग पाठवायची. माय म्हणायची, रितं भांडं फिरवलं की देणाऱ्याचा हात रिता होतो. इकडं दौंडाकडंही हीच रीत आहे, मी बघितलंय. आणि माझ्या हातात तो एवढा मोठा, नवा कोरा कॅन. एका परक्या बाईनं विश्वासानं दिलेला, वर माझं नाव लिहिलेला. आणि मी तो खडखडाट परत देणार? नुसता तळ झाकून? मला कशीतरी लाज वाटली. लघवी कमी झाली याची लाज असते, हे मला त्या दिवशी कळलं. वाटलं, ह्या बाईला वाटेल की ह्यानं अर्धी कुठंतरी सोडून दिली, सांगितलेलं ऐकलं नाही. मी माठातून दोन तांबे पाणी घेतलं आणि कॅनात ओतलं. स्वच्छ, गाळलेलं, प्यायचं पाणी. टाकीतलं घालावं असं मनातसुद्धा आलं नाही.

माझं रक्त काढून झाल्यावर शोभाताईंनी कॅन उचलला, हातात तोलून बघितला. "वा भाऊ! पाणी चांगलं पिता तुम्ही. बाकीच्यांचं बघाय पायजे हुतं."

मला इतका आनंद झाला! गुरुजींनी वर्गात उभं करून शाबासकी दिल्यासारखा. दिवसभर मी चिपाडं जोरात सारली.

आता ह्या घटनेचा विचार करतो तेव्हा मला त्या आनंदाचीच जास्त भीती वाटते. खोट्यावर माणूस इतका खूश होऊ शकतो.

तीनेक आठवड्यांनी त्या एकट्याच आल्या. दुपारची जेवणाची सुट्टी होती, आप्पा घरी गेले होते. शोभाताई चिपाडाच्या ढिगावर बसल्या आणि पिशवीतून फाइल काढून मांडीवर ठेवली.

"भाऊ, तुमचं रक्त आन् तुमचा कॅन भांडाय लागल्यात."

"म्हणजे?"

"रक्त म्हणतंय, ह्या माणसाच्या किडनीवर लई ताण हाय. कॅन म्हणतोय, छे, हा तर दिवसभर पाण्यात पोहतोय. दोघांतलं एक खोटं बोलतंय. रक्त तर माझ्या डोळ्यादेखत काढलंय."

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो.

"आमच्या सासूबाई डेअरीला दूध घालायच्या," त्या म्हणाल्या. "काटा लावला की डेअरीवाला म्हणायचा, मावशे, म्हैस लई पाणी पिती वाटतं तुझी." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "किती घातलं?"

"दोन तांबे."

"पर का?"

मी सगळं सांगितलं. शेजारणीची वाटी, माय, चार दाणे ज्वारी. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रागानं. मग खांदे हलायला लागले तेव्हा कळलं, त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"अवो भाऊ, मग चिमूटभर साखर तरी टाकायची! शुगर निघाली असती तुम्हाला!"

आम्ही दोघंही हसलो. लखन लांबून बघत होता, त्याला वाटलं मला काहीतरी लागलंच, लॉटरी वगैरे. मग शोभाताईंनी डोळे पुसले आणि त्यांचा आवाज बदलला.

"कमी हुतं, हेच तर बघायचं हुतं, भाऊ. तळ झाकला तेवढंच, हीच तुमची खरी गोष्ट. ती तुम्ही झाकली आन् आम्ही शाबासकी दिली." मग फाइल मिटून म्हणाल्या, "अजून काय झाकलंय?"

मी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून त्यांच्या हातावर ठेवलं. अंगदुखीच्या. रोज एक, काहिली जास्त लागल्या त्या दिवशी दोन. मेडिकलवाला काही न विचारता देतो. प्रश्नांच्या यादीत 'कोणती औषधं घेता' असं होतं, तिथं मी नाही म्हटलं होतं, कारण मला वाटलं व्यसनात धरतील. शोभाताईंनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं. गोळीचं नाव वहीत लिहून घेतलं.

मग त्यांनी एक फॉर्म काढला. नमुना बाद झाला तर का झाला, ते लिहायचा. मला उलटी अक्षरं वाचता येतात, गुऱ्हाळात समोर बसलेल्याचा पेपर वाचून सवय झालीय. 'कारण' ह्या रकान्यात त्यांनी लिहिलं: माहिती देण्यात कार्यकर्तीची चूक.

"ताई, हे काय? तुमची कुठं चूक?"

"मला म्हाईत हाय माझी न्हाई ते."

"मग खोडा."

"नमुन्यात मुद्दाम काय घातलं असं लिवलं तर नियमानं तुमचं नाव काढत्यात. सांगण्यात चूक झाली असं लिवलं तर दुसरा कॅन मिळतो. नाव काढल्यावर तुमचं रक्त कोण बघणार? जाल का तुम्ही आपल्या पायानं दवाखान्यात?"

मी गेलो नसतो. त्यांना ते माहीत होतं.

"मग गप ऱ्हावा. शेवटचं रक्त होईस्तोवर कुणापाशी बोलायचं न्हाई. माझी शप्पथ हाय."

ही गोष्ट मी कितीदा मनात फिरवली असेल. खरं काय ते शोधायला निघालेली माणसं. त्यांत पहिलं खोटं माझं, लाजेपोटी. ते निस्तरायला दुसरं खोटं शोभाताईंचं, दयेपोटी. मग त्या मोठ्या कागदावर शेवटी जे उतरेल, त्यात खऱ्याचा वाटा किती? मला शिक्षण कमी म्हणून हे कळत नाही, का कुणालाच कळत नाही? शोभाताईंना विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, भाऊ, पाणी प्या.

दुसरा कॅन मी खरा दिला. पुन्हा तळच झाकलेला. देताना मी तोंड दुसरीकडं केलं, भर बाजारात धोतर सुटल्यासारखं वाटलं. शोभाताई फक्त "बरं" म्हणाल्या आणि वही काढून वेळ लिहिली.

पुढच्या आठवड्यात संशोधनवाल्यांची जीप आली आणि आम्हा चौघापाच जणांना शिरूरला घेऊन गेली. पारगावजवळ भीमेचा पूल लागला, पुढं न्हावरे. शोभाताई ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. मी दांडी घट्ट धरून बसलो होतो. त्यांना वाटलं असावं, घाबरलाय. मागं वळून म्हणाल्या, "माझं माहेर इनामगाव, भाऊ. इथनं लांब न्हाई, घोडनदीच्या काठी. आमच्या गावात जुनी माणसं उकरून काढली हुती. हजारो वर्साची. घरात पुरलेली."

"कशाला काढली?"

"अभ्यासाला. नुसती हाडं बघून सांगितलं, कोण काय खात हुतं, कुणाला कसली दुखणी हुती, कुणाच्या दातांना काय झालं हुतं. माझे आजोबा खणाय हुते तिथं मजुरीला. म्हणायचे, मेलेली माणसं जित्यापरीस खरं बोलत्यात."

जीपमधली माणसं हसली. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. कोरडं रान, मध्येच हिरवा उसाचा तुकडा, पुन्हा कोरडं. ती घोडनदीकाठची माणसं कुणाला काय सांगायचं, काय लपवायचं, ह्या सगळ्यातून सुटली होती. हाडांना लाज नसते. आपल्या आत काय आहे ते आपण जिवंतपणी कुणाला धड बघू देत नाही, आणि मग उन्हाळेच्या उन्हाळे निघून जातात.

शिरूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा लहान असतील. चष्म्यावरून बघत त्यांनी कागद वाचला. "अंगदुखीची गोळी आजपासून बंद. पाणी, तहान लागायची वाट न बघता. आणि आगीसमोरचं काम सोडता येईल का?"

"पण मॅडम, आमची चिठ्ठी तर उशिराची निघालीय," मी म्हणालो.

त्यांनी कागद खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "रक्त बिघडलेलं दिसलं की तिथं चिठ्ठी चालत नाही. तेवढं आम्हाला कळतं."

"मला आजार झालाय का?"

"अजून तसं म्हणता येणार नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

"मग मी निरोगी आहे?"

"तसंही म्हणता येणार नाही."

मी मान हलवली. समजलं असं दाखवायला. शोभाताई दारात उभ्या होत्या, त्यांनी ओळखलं की समजलं नाही.

आप्पांशी त्याच बोलल्या. मी तोंड उघडलं नसतं. आप्पा वाईट माणूस नाही, पण हंगामात त्यांच्या डोक्यावर पाक उकळत असतो.

"आप्पा, ह्यांना चुलाणावरनं काढा."

"मग काय खुर्चीवर बसवू?"

"बसवा की. तुमची रिकामीच असती, तुम्ही तर कायम उभं ऱ्हाऊन वरडत असताय."

"आगं पर जाळाचा अंदाज असा दुसऱ्या कुणाला न्हाई! सहा साल झाली, पाक कवा करपला न्हाई."

"पाक न्हाई करपला, आप्पा. माणूस करपतोय."

आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "जा, साच्याकडं जा. आन् त्या बाईला सांग, एकदाच ऐकतोय म्हणावं." सहा वर्षांत जाळाचा अंदाज असलेला माणूस म्हणून त्यांनी माझं कौतुक पहिल्यांदा केलं, आणि ते मला काढताना.

तीन महिन्यांनी, गुऱ्हाळ बंद झाल्यावर, भर पावसाळ्यात पुन्हा रक्त झालं. आकडा उतरला होता. पूर्ण नाही, पण उतरला होता. शोभाताईंनी कागद मला दाखवताना बोट आकड्याखाली धरलं होतं, पहिलीतल्या पोराला अक्षर दाखवतात तसं. मी मॅडमना विचारलं, "कशानं उतरला? पाण्यानं, का गोळ्या सोडल्या म्हणून, का चुलाण सोडलं म्हणून?"

"तिन्ही तुम्ही एकदमच केलंत ना? मग एकट्या तुमच्यावरून कसं सांगणार? आणि आता गुऱ्हाळही बंद आहे, विसावाही झालाय. पुष्कळ लोकांचं एकत्र बघितल्यावर काहीतरी सांगता येईल."

म्हणजे मी बरा होतोय, पण कशानं ते मला सांगता येत नाही, आणि मी एकटा असल्यामुळं त्यांनाही सांगता येत नाही. जीपमध्ये बसल्यावर कांताला फोन लावला.

"आकडा उतरला," मी म्हणालो.

"म्हणजे बरे झालात का?"

"जोखीम कमी झाली."

"आवो, बरे झालात का, ते सांगा की!"

"तसं म्हणता येणार नाही."

"मग डॉक्टरणीला द्या फोन," कांता म्हणाली. मी शोभाताईंकडं दिला. त्या दोघी गाव, लेकरं, भाजीचे भाव असं बराच वेळ बोलल्या, आणि फोन परत माझ्याकडं आला तेव्हा कांता निर्धास्त होती. शोभाताईंनी तिला काय सांगितलं ते दोघींनीही मला सांगितलं नाही.

यंदा आमच्या गुऱ्हाळाची पाळी. चुलाणाच्या बाजूला हिरवं जाळीचं कापड बांधलंय, खाली बाक, बाकावर पाण्याचे दोन जार. दर तासाला शिट्टी वाजते आणि लखन उठतो. शिट्टी आप्पांच्या गळ्यात असते. त्यांना ती इतकी आवडलीय की आता ते ट्रॅक्टरवाल्यालाही शिट्टीनंच थांबवतात. लखन बाकावर बसून पाणी पितो आणि मला म्हणतो, "भैया, पानी पी-पी के पेट में काहिल उबल रहा है." मी त्याला म्हणतो, कॅन दिला की जेवढं असेल तेवढंच दे. कमी असलं तरी कमीच दे. तो म्हणतो, और क्या देंगे? त्याला माझी गोष्ट माहीत नाही. शपथ आहे.

पण शोभाताई शिरूरला लेबलं चिकटवतात. त्या नव्या पोरीनं सांगितल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. त्या फॉर्ममुळं असेल का? माहिती देण्यात चूक करणारी बाई म्हणून त्यांना गावात पाठवत नसतील का? मी फोन केला.

"अवो न्हाई, स्कूटी बिघडलीय माझी," त्या म्हणाल्या.

चार दिवसांनी पुन्हा केला. "गुडघं दुखत्यात भाऊ, कुठं फिरू आता?"

"पण मागं स्कूटी म्हणालात."

"दोन्ही. आन् हितं पंख्याखाली बसून लेबलं चिकटवायची, चहा दोन टायमाला. तुम्हाला काय वाईट वाटतंय? पाणी पिता का?"

"पितो."

"मग झालं तर."

झालं का? मला कळत नाही. कदाचित खरंच स्कूटी. कदाचित खरंच गुडघे. कदाचित त्यांच्या साहेबांनी काही म्हटलंही नसेल आणि मीच उगाच स्वतःला मोठा करून घेतोय. एका माणसाच्या दोन तांब्यांनी एवढं होतं का? डॉक्टर मॅडमसारखं मलाही म्हणावं लागतं, एकट्यावरून सांगता येणार नाही. पण त्यांच्यापाशी पुष्कळ माणसं आहेत मोजायला, माझ्यापाशी एकच आहे.

मागच्या आठवड्यात शोभाताईंचे साहेब स्वतः आले होते, सावलीचं कापड बघायला. मी हात धुतले, टोपी नीट केली, त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. चूक माझी होती, हे वाक्य तोंडात तयार होतं. शपथ आठवली, शेवटचं रक्त आठवलं, आणि खरं सांगायचं तर भीतीच वाटली. मी म्हणालो, "साहेब, चहा घेणार का?" ते म्हणाले, नको, ताजा रस द्या. मी रस दिला.

हंगाम संपताना, चुलाण विझलं की शेवटचं रक्त आहे. मग शाळेच्या पटांगणात सगळ्या गुऱ्हाळांच्या माणसांची सभा, काय निघालं ते मराठीतून सांगायला. साहेब येणार, मॅडम येणार, लेबलं चिकटवणाऱ्यांनाही बोलावतात म्हणे. त्या दिवशी शपथ संपलेली असेल. मी कांताला दोन दिवस आधी बोलावून घेणार आहे, म्हणजे ऐनवेळी मला चहा सुचायचा नाही. साहेबांचं बोलणं झालं की मी उभा राहणार आणि शोभाताईंचं खरं, पूर्ण नाव घेऊन सगळ्यांना सांगणार, की ह्या बाईंनी मला दोनदा नीट समजावून सांगितलं होतं, आणि चूक माझी होती, कसली तेही सांगणार. बायामाणसांसमोर सांगायला जीभ अडखळेल. लोक हसतील, लखन सगळ्यात मोठ्यानं. त्यानंतर माझं नाव त्यांनी कागदावरून खोडलं तर खोडू देत. शोभाताई मागच्या रांगेतून खुणेनं सांगतील, भाऊ, खाली बसा. त्यांचं सगळं ऐकलं आजवर. तेवढं एक ऐकणार नाही.